गृहस्थाश्रमी हुतात्मा : संत थॉमस मोर

देवळाच्या महोत्सवाच्या दिवशीं आपण ज्यांची कृतज्ञतेनें आठवण करतों त्यांत धर्मगुरु असतात, धर्मभगिनी असतात, आणि ज्यांचीं नांवें कोणत्याहि शिलेवर कोरलेलीं नाहींत असे पुष्कळ संसारी स्त्रीपुरुषहि असतात. परंतु वेदीवरील संतांच्या मूर्तींकडे पाहिलें म्हणजे आमच्या मनांत एक शंका येते. ह्यांतील बहुतेकांनीं संसाराचा त्याग केलेला. मग ज्याच्या मागें बायकोमुलें आहेत, म्हातारे आईबाप आहेत, कचेरींतील नोकरी आहे, त्यानें कोणाचा कित्ता गिरवावा ? ह्या शंकेच्या पाठोपाठ एक सबबहि येते. मनाला न पटणाऱ्या कागदावर सही करणारा मनुष्य लहान कारकून असो वा मोठा अधिकारी असो, तो हेंच सांगतो कीं, मी एकटा असतों तर गोष्ट निराळी, पण पदरीं मुलेंबाळें आहेत. ही सबब खोटी आहे असें आम्ही म्हणत नाहीं. ती बहुधा खरी असते, म्हणूनच ती मोडून काढणें कठीण जातें. ज्या पुरुषाला ही सबब इतर कोणाहिपेक्षां अधिक शोभली असती, आणि तरीहि ज्यानें ती पुढें केली नाहीं, अशा एका गृहस्थाचें चरित्र आम्ही येथें सांगणार आहों.

सर थॉमस मोर हे इंग्लंड देशाचे. १४७८ सालीं लंडन शहरांतील मिल्क स्ट्रीट नांवाच्या गल्लींत त्यांचा जन्म झाला. वडील जॉन मोर हे वकील होते व पुढें न्यायाधीश झाले. बाराएक वर्षांचे असतांना थॉमस कँटरबरीचे आर्चबिशप जॉन मॉर्टन ह्यांच्या लॅम्बेथ येथील वाड्यांत सेवेकरी म्हणून राहिले. पंगतींत वाढप करणारा हा पोरगा पुढें मोठा थोर पुरुष निघेल, असें आर्चबिशप आपल्या पाहुण्यांना सांगत. लॅम्बेथचें हें नांव वाचकांनीं ध्यानांत ठेवावें, कारण ह्याच वाड्यांत पुढें त्यांच्या आयुष्याची कसोटी लागावयाची होती. ऑक्सफर्ड येथें दोनएक वर्षें विद्या संपादन केल्यावर वडिलांनीं त्यांना कायद्याच्या अभ्यासास लावलें, आणि १४९६ सालीं ते लिंकन्स इन ह्या वकिलांच्या संस्थेंत दाखल झाले.

ह्या तरुण वकिलाचें मन मात्र मठाकडे ओढ घेत होतें. लंडनमधील कार्थुसियन मठाच्या सान्निध्यांत ते सुमारें चार वर्षें राहिले. शपथ न घेतां त्यांनीं तेथील प्रार्थना, उपवास व मौन ह्यांचा अभ्यास केला. अखेरीस त्यांनीं आपलें मन नीट तपासलें व आपण संसारासाठींच निर्माण झालों आहों असा निर्णय घेतला. अयोग्य धर्मगुरु होण्यापेक्षां शुद्ध आचरणाचा पति व्हावें असें त्यांनीं ठरविलें, असें त्यांचे परममित्र पंडित इरॅस्मस लिहितात. तथापि मठांतील एक वस्तु त्यांनीं जन्मभर सोडली नाहीं. अंगरख्याच्या आंत ते केसांचें खरखरीत वस्त्र घालीत. ही गोष्ट त्यांची थोरली कन्या सोडून घरांतील फारच थोड्यांस ठाऊक होती.

१५०५ सालीं त्यांचा जेन कोल्ट हिच्याशीं विवाह झाला. त्यांचे जांवई विल्यम रोपर ह्यांनीं पुढें सासऱ्यांचें चरित्र लिहिलें. त्यांत ह्या विवाहाची एक हकीकत आहे. थॉमस ह्यांचें मन खरें तर धाकट्या बहिणीकडे गेलें होतें. पण थोरलीस मागें टाकून धाकटीला मागणी घातली तर थोरलीच्या मनाला लागेल व लोकांत तिला कमीपणा येईल, ह्या विचारानें त्यांनीं थोरलीचाच स्वीकार केला. आमच्या घरांतील वडील माणसांना ह्या गोष्टीचें मर्म समजावून सांगण्याची गरज नाहीं. जेन हिच्या पोटीं मार्गारेट, एलिझाबेथ व सेसिली ह्या तीन कन्या आणि जॉन हा पुत्र झाला. १५११ सालीं, लेकरें अगदीं लहान असतांनाच, ती माउली देवाघरीं गेली. मुलांना आई हवी म्हणून थॉमस ह्यांनीं अल्पावधींतच ॲलिस नांवाच्या एका प्रौढ विधवेशीं पुनर्विवाह केला. ॲलिस बोलण्यांत फटकळ, पण संसारांत दक्ष होती. सावत्र मुलांचें तिनें निगुतीनें संगोपन केलें. आणि पतीनें आग्रह केला म्हणून त्या वयांत वाद्यें वाजविण्यासहि ती शिकली.

हें घर म्हणजे एक पाठशाळाच होती. स्वतःचीं चार मुलें, ॲलिसची पहिली कन्या, मार्गारेट गिग्ज ही मानसकन्या आणि आश्रयास असलेलीं इतर मुलें, अशीं सर्व तेथें एकत्र शिकत. ज्या काळीं युरोपांतहि मुलींना विद्या देण्यास लोक कचरत, त्या काळीं ह्या पित्यानें आपल्या कन्यांना मुलाच्या बरोबरीनें लॅटिन, ग्रीक, तत्त्वज्ञान, गणित व खगोलशास्त्र शिकविलें. थोरल्या मार्गारेटनें तर इरॅस्मस ह्यांच्या प्रभूच्या प्रार्थनेवरील ग्रंथाचें इंग्रजींत भाषांतर केलें व तें छापूनहि निघालें. सरकारी कामानें परगांवीं गेले म्हणजे थॉमस मुलांकडून नियमानें पत्रें मागवीत. परत येतांना फळें, खाऊ व रेशमी वस्त्रें आणीत. मुलांना शिक्षा करण्याची वेळ आलीच तर ते मोराच्या पिसांनीं मारीत, असें त्यांनींच मुलांना उद्देशून लिहिलेल्या एका लॅटिन काव्यांत सांगितलें आहे. रात्रीं सगळें घर एकत्र जमून प्रार्थना करी.

घरांत असें वागणारा मनुष्य बाहेर कसा होता, तें आतां पाहूं. १५१० ते १५१८ पर्यंत ते लंडन शहराचे अंडरशेरिफ, म्हणजे नगराच्या न्यायालयांतील न्यायाधीश होते. खटले लवकर उरकणें व गरिबांची फी माफ करणें ह्यांबद्दल त्यांची ख्याति होती. १५१६ सालीं त्यांचा ‘यूटोपिया’ हा प्रसिद्ध ग्रंथ लूव्हेन येथें छापून निघाला. एका कल्पित बेटाच्या वर्णनाच्या मिषानें त्यांत राजांच्या लोभावर आणि गरिबांना चोरीबद्दल फांशीं देणाऱ्या कायद्यांवर टीका केली आहे. त्यांतील कथा सांगणारा प्रवासी आपल्या कालिकत बंदरावरून पोर्तुगीज जहाजानें स्वदेशीं परतला असें दाखविलें आहे, हें वाचून आमच्या वाचकांना मौज वाटेल. पुढें राजे आठवे हेन्री ह्यांनीं त्यांना आपल्या मंत्रिमंडळांत घेतलें. १५२१ सालीं ते सर झाले. १५२३ सालीं पार्लमेंटचे अध्यक्ष ह्या नात्यानें त्यांनीं सभासदांना निर्भयपणें बोलूं देण्याची राजाकडे विनंती केली. आणि १५२९ च्या आक्टोबरांत ते लॉर्ड चॅन्सलर, म्हणजे राजमुद्रेचे रक्षक व राज्याचे श्रेष्ठ न्यायाधिकारी झाले.

ह्या उच्च पदावर असतांनाच्या कांहीं गोष्टी रोपर ह्यांनीं नमूद केल्या आहेत. चॅन्सलर आपल्या न्यायासनाकडे जात असतां वाटेंत वडिलांची कचेरी लागे. वृद्ध जॉन मोर तेथें न्यायाधीश म्हणून बसलेले असत. त्यांचे चिरंजीव राज्यांतील सर्वश्रेष्ठ न्यायाधिकारी, तरीहि सर्वांदेखत गुडघे टेकून पित्याचा आशीर्वाद घेत व मगच पुढें जात. एकदां एका जांवयानें गाऱ्हाणें केलें कीं, पूर्वीच्या चॅन्सलरांच्या काळीं त्यांचे द्वारपालसुद्धां पैसे मिळवीत, आणि आम्ही प्रत्यक्ष जांवई असून आम्हांला कांहींच लाभ नाहीं. त्यावर सासऱ्यांनीं उत्तर दिलें कीं, एका बाजूस माझा बाप व दुसऱ्या बाजूस सैतान उभा असला आणि सैतानाची बाजू खरी असली, तर सैतानालाच न्याय मिळेल. हें नुसतें बोलणें नव्हतें. दुसरे जांवई जाइल्स हेरन ह्यांचा एक खटला त्यांच्यापुढें आला. सासऱ्यांच्या मायेवर भिस्त ठेवून हेरन तडजोड करीनात; तेव्हां चॅन्सलरनीं निकाल त्यांच्याविरुद्धच दिला. एका विधवेचा दावा त्यांनीं न्याय्य म्हणून मान्य केला होता. नववर्षाच्या दिवशीं तिनें हातमोजे भेट दिले व त्यांत चाळीस पौंडांचीं सोन्याचीं नाणीं घातलीं. स्त्रीची भेट नाकारणें अशिष्टपणाचें म्हणून त्यांनीं हातमोजे ठेवून घेतले, आणि नाणीं परत केलीं.

आणखी एक गोष्ट आपल्या धर्मग्रामांतील गायनमंडळानें लक्षांत ठेवण्याजोगी आहे. थेम्स नदीकांठीं चेल्सी येथें त्यांचें घर होतें. तेथील देवळांत त्यांनीं एक कपेल बांधविली होती. १९४१ सालच्या बाँबहल्ल्यांत त्या देवळाचा फार मोठा भाग उद्ध्वस्त झाला, पण ती कपेल बचावली. एके दिवशीं नॉरफोकचे ड्यूक भोजनास आले असतां, चॅन्सलर पांढरा झगा घालून गायकांच्या मेळ्यांत उभे राहून गात असलेले त्यांना आढळले. गांवच्या देवळाचा कारकून होऊन तुम्ही राजाची व त्यांच्या पदाची अप्रतिष्ठा करतां, असें ड्यूक बोलले. मोर ह्यांनीं हंसून उत्तर दिलें कीं, तुमच्या आमच्या धन्याच्या धन्याची सेवा केल्यानें धन्याची अप्रतिष्ठा होते असें राजे मानणार नाहींत.

येथें एक गोष्ट झांकून ठेवणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं. घरांत प्रेमळ असलेले मोर पाखंडी मतांच्या बाबतींत कठोर होते. त्यांच्या कारकीर्दींत, त्या काळच्या कायद्यानुसार, सहा जणांना पाखंडाबद्दल जिवंत जाळण्यांत आलें, आणि त्यांच्या लेखांत ह्या शिक्षांचें समर्थन आढळतें. त्या काळीं दोन्ही पक्ष असेंच मानीत, एवढें म्हणून हा डाग पुसला जात नाहीं. खुद्द त्यांच्या घरांतच ह्याहून चांगला मार्ग त्यांना सांपडला होता. जांवई रोपर तरुणपणीं ल्यूथरच्या मताकडे वळले, तेव्हां सासऱ्यांनीं पुष्कळ वाद घातला. अखेरीस, आतां वाद पुरे, ह्यापुढें मी त्याच्यासाठीं देवाची प्रार्थनाच करीन, असें त्यांनीं मार्गारेटला सांगितलें. आणि रोपर परत आले. जी क्षमाशीलता त्यांनीं जांवयाला दाखविली ती न्यायासनावरून दाखविली असती तर बरें झालें असतें, असें आज आम्हांस वाटतें. संत हे निर्दोष नसतात, हेंहि ह्यावरून आम्ही शिकतों.

आतां संकटाचा काळ जवळ आला. आठव्या हेन्रीनें आपल्या मृत बंधूची विधवा कॅथरिन हिच्याशीं १५०९ सालीं विवाह केला होता. पुत्र जगला नाहीं, आणि राजाचें मन ॲन बुलीन हिच्यावर बसलें. पहिला विवाह रद्द ठरविण्यास पोप सातवे क्लेमेंट कबूल होईनात, तेव्हां राजानें देशांतील ख्रिस्तसभेवर स्वतःचाच अधिकार गाजविण्यास आरंभ केला. १५ मे १५३२ रोजीं इंग्लंडांतील धर्माधिकाऱ्यांनीं राजापुढें मान तुकविली. दुसऱ्याच दिवशीं सर थॉमस ह्यांनीं राजमुद्रा परत करून पदाचा त्याग केला.

इतक्या वर्षांच्या राजसेवेनंतर त्यांच्यापाशीं वर्षाला शंभर पौंडांहून थोडेंच अधिक उत्पन्न उरलें. त्यांनीं सर्व कुटुंबास बोलावून ही स्थिति उघड सांगितली आणि खर्च क्रमाक्रमानें कसा कमी करावयाचा तें ठरविलें. नोकरांना दुसरीकडे चाकऱ्या लावून दिल्या. आपली नाव व नावाडी नव्या चॅन्सलरना देऊन टाकले. पूर्वी मिस्सा आटोपल्यावर एक सेवक बाईसाहेबांच्या बांकापाशीं येऊन, साहेब निघाले, अशी वर्दी देत असे. पदत्यागानंतर सर थॉमस स्वतःच टोपी हातांत घेऊन तेथें गेले व पत्नीस म्हणाले कीं, बाईसाहेब, साहेब गेले ! ॲलिसला हा विनोद रुचला नाहीं, आणि त्यांत तिचें काय चुकलें ? घर तिला चालवावयाचें होतें.

१५३४ सालीं वारसाहक्काचा कायदा झाला व त्यावर सर्वांनीं शपथ घ्यावी असा हुकूम सुटला. १३ एप्रिल रोजीं सर थॉमस ह्यांना लॅम्बेथ येथें हजर होण्याची आज्ञा झाली. सकाळीं त्यांनीं देवळांत जाऊन पापनिवेदन केलें, मिस्सा ऐकली व ख्रिस्तशरीर स्वीकारलें. एरवीं बाहेर जातांना बायकोमुलें नदीपर्यंत पोंचवावयास येत व तेथें मुके घेऊन निरोप देत. त्या दिवशीं त्यांनीं बागेचें फाटक आपल्यामागें ओढून घेतलें आणि कोणासहि बाहेर येऊं दिलें नाहीं. नावेंत ते बराच वेळ खिन्न बसले; मग रोपर ह्यांच्या कानांत म्हणाले कीं, देवाच्या कृपेनें लढाई जिंकली. जांवयाला त्या वेळीं अर्थ कळला नाहीं. पुढें त्याच्या ध्यानांत आलें कीं, लढाई राजाशीं नव्हती, ती त्या फाटकापाशीं झाली होती.

बालपणीं ज्या वाड्यांत त्यांनीं वाढप केली होती, त्याच वाड्यांत त्यांच्यापुढें शपथेचा कागद ठेवण्यांत आला. ॲनच्या संततीला राज्य मिळावें, इतकें मान्य करण्यास ते तयार होते, कारण तो पार्लमेंटचा अधिकार होता. परंतु शपथेंत पोपचा अधिकार व राजाचा पहिला विवाह हीं दोन्हीं नाकारलेलीं होतीं. त्यांनीं शपथ घेतली नाहीं. पण ज्यांनीं घेतली त्यांना दोषहि दिला नाहीं. चार दिवसांनीं त्यांची रवानगी टॉवर ऑफ लंडन ह्या किल्ल्यांतील तुरुंगांत झाली. रॉचेस्टरचे बिशप जॉन फिशर हेहि त्याच कारणासाठीं तेथें आले.

ह्यानंतरचा छळ शत्रूनें केला नाहीं, आपल्या माणसांनीं केला, आणि तो प्रेमापोटीं केला. मार्गारेटनें देवाच्या नियमास बाध येणार नाहीं तेथवर, असें म्हणून शपथ घेतली होती. तिनें पित्यास पत्रांतून व भेटींतून परोपरीनें विनविलें. कोणत्याहि धमकीपेक्षां तुझें हें पत्र मला अधिक लागलें, असें त्यांनीं तिला कळविलें. ॲलिस भेटीस आली तेव्हां तिनें सरळ विचारलें कीं, चेल्सीस सुंदर घर, बाग, पुस्तकें, बायकोमुलें असतांना तुम्ही ह्या घाणेरड्या कोठडींत उंदरांच्या सोबतीनें काय म्हणून राहतां ? त्यांनीं प्रेमानें विचारलें कीं, आपल्या घरापासून स्वर्ग जितका जवळ आहे तितकाच तो येथूनहि जवळ नाहीं का ? तिचें समाधान झालें नाहीं. तरी पतीच्या तुरुंगांतील जेवणाखाण्याचे पैसे भरण्यासाठीं तिनें आपलीं वस्त्रें विकलीं, हें आम्ही विसरतां कामा नये. हुतात्म्याची कीर्ति एकट्या पुरुषाची नसते.

१५३५ च्या मे महिन्याच्या ४ तारखेस, ज्यांच्या सहवासांत त्यांनीं तारुण्य घालविलें होतें त्याच कार्थुसियन पंथाचे मठाधिपति वधस्थानीं नेले जात असलेले त्यांनीं व मार्गारेटनें खिडकींतून पाहिले. हे वर मुलग्यांसारखे हर्षानें जात आहेत, असें ते कन्येस म्हणाले. २२ जून रोजीं बिशप फिशर ह्यांचा शिरच्छेद झाला. १ जुलै रोजीं वेस्टमिन्स्टर येथें सर थॉमस ह्यांची चौकशी झाली. त्यांनीं राजाच्या धर्माधिकाराविषयीं मौन पाळलें होतें, आणि मौन म्हणजे गुन्हा नव्हे हा त्यांचा कायद्याचा मुद्दा होता. तेव्हां रिचर्ड रिच नामक सरकारी वकिलानें खाजगी संभाषणाच्या आधारें साक्ष दिली. ती साक्ष खोटी असल्याचें त्यांनीं शपथेवर सांगितलें. तथापि ते दोषी ठरले. निकालानंतर मात्र त्यांनीं आपलें मन मोकळें केलें. शेवटीं ते न्यायाधीशांस म्हणाले कीं, संत स्तेफनास दगडमार करणाऱ्यांत संत पौल सामील होते व आज दोघेहि स्वर्गांत मित्र आहेत, तसे आपणहि सर्व तेथें आनंदानें भेटूं.

परतीच्या वाटेवर जॉन ह्यानें पित्याच्या पायांशीं गुडघे टेकून आशीर्वाद मागितला, असें त्यांच्या पणतूनें लिहिलेल्या चरित्रांत आहे. जो आशीर्वाद थॉमस ह्यांनीं न्यायालयांत आपल्या वडिलांपाशीं मागितला होता, तोच आतां पुत्र त्यांच्यापाशीं मागत होता. टॉवरच्या धक्क्यावर मार्गारेट पहारेकऱ्यांचीं शस्त्रें न जुमानतां गर्दींतून धांवत आली व तिनें पित्याच्या गळ्यांत मिठी घातली. निघून गेल्यावर तिला राहवलें नाहीं; ती पुन्हां फिरली आणि पुन्हां बिलगली. पाहणाऱ्यांचे डोळे भरून आले. ५ जुलै रोजीं त्यांनीं कोळशानें तिला शेवटचें पत्र लिहिलें. तें केसांचें वस्त्रहि तिच्याकडे पाठविलें. त्या दिवशीं तूं लोकांची पर्वा न करतां मला भेटलीस, त्याहून गोड तुझें वागणें मला कधींहि वाटलें नव्हतें, अशा अर्थाचा मजकूर त्यांत होता. दुसऱ्या दिवशीं सकाळीं, आपण राजाचे इमानी सेवक पण प्रथम देवाचे, असें सांगून त्यांनीं मान ठेवली. त्यांचें मस्तक लंडनच्या पुलावर टांगण्यांत आलें. तें मार्गारेटनें मिळवून जपून ठेवलें, आणि कँटरबरी येथील संत डन्स्टन ह्यांच्या देवळांतील रोपर घराण्याच्या थडग्यांत तें आहे असें मानतात.

१८८६ सालीं पोप तेरावे लिओ ह्यांनीं त्यांना धन्यवादित म्हणून घोषित केलें, १९ मे १९३५ रोजीं पोप अकरावे पायस ह्यांनीं बिशप फिशर ह्यांच्यासह संतपद दिलें, आणि २००० सालीं पोप दुसरे जॉन पॉल ह्यांनीं त्यांना राज्यकर्त्यांचे व राजकारणी पुरुषांचे आश्रयदाते संत ठरविलें. दोघांचा सण २२ जून रोजीं येतो. पुढच्या काळांत इंग्लंडांत कॅथलिक धर्म पाळणें अधिकच कठीण होत गेलें. त्याच काळांत मायभूमि सोडून आलेले एक इंग्रज म्हणजे आमचे फादर थॉमस स्टीफन्स. ते १५७९ सालीं गोव्यास आले, आणि त्यांचें मराठी ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ सालीं, ‘यूटोपिया’नंतर बरोबर शंभर वर्षांनीं छापून निघालें. इंग्लंडांतील त्या श्रद्धेचा एक ओघ असा आमच्या भाषेंतहि येऊन मिळाला आहे.

आतां आरंभीच्या शंकेकडे वळूं. सर थॉमस ह्यांनीं आपल्या घराची हानि केली काय ? होय, केली, मालमत्ता जप्त झाली, ॲलिस निर्धन झाली, मुलांवर राजाचा रोष ओढवला. हें नाकारून त्यांची थोरवी वाढत नाहीं. पण मुलांना त्यांनीं बालपणापासून जें शिकविलें होतें, तें शेवटच्या क्षणीं खोटें ठरविलें असतें, तर चेल्सीचें घर राहिलें असतें आणि त्यांतला बाप नाहींसा झाला असता. कन्येनें तुरुंगांत येऊन त्यांच्याशीं वाद घातला; पण धक्क्यावर ती जेव्हां धांवत आली तेव्हां तिच्या तोंडीं एकहि तक्रार नव्हती. मुलेंबाळें आहेत म्हणून सही करावी, कीं मुलेंबाळें आहेत म्हणूनच करूं नये, हा प्रश्न आमच्यापैकीं प्रत्येकासमोर केव्हां ना केव्हां लहानशा रूपानें येतोच. तो दिवस येईल तेव्हां, चेल्सीच्या बागेचें फाटक आपल्या हातानें ओढून घेणाऱ्या ह्या प्रेमळ पित्याची आम्हांस आठवण व्हावी, आणि त्यांच्या मध्यस्थीनें आमच्या घरांवर व आमच्या लोकसेवकांवर प्रभु येशूची कृपा राहावी, एवढेंच ह्या महोत्सवाच्या मंगल प्रसंगीं आमचें मागणें आहे.